मूळ प्रत जागेवर नाही

आमचे तात्या आयुष्यात फारसे निर्णय स्वतः घेत नाहीत, आणि घेतला तर तो निर्णय आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशीही चहाचा कप तोंडाला लावता लावता ते बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सहज म्हणाले, "बाहेर कशाला द्यायचं? फिल्म मी बनवतो की."

घरातल्या कटकटींची सुरुवात बहुतेक 'मी बनवतो की'पासूनच होते. नळाचा वॉशर 'मी बसवतो की' म्हणून तात्यांनी बसवला होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक छत्री घेऊन वर आले होते. पण वहिनींनी तो इतिहास उगाळला नाही. त्या नुसतं म्हणाल्या, "नीट बनवा हं. माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे ही."

आणि खरंच ती मोठी गोष्ट होती. वहिनी पोस्टात काउंटरवर असतात. पोस्टाचं एक नाट्यमंडळ आहे आणि वहिनी त्यात लग्नाआधीपासून आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला एकच भूमिका आली, ती म्हणजे दार उघडून 'साहेब घरात नाहीत' असं सांगून आत जाणारी बाई. नाटक बदलायचं, साहेब बदलायचे, दारसुद्धा एकदा नवीन रंगवलं. वहिनींचं वाक्य तेच राहिलं. या वर्षी मात्र नवा दिग्दर्शक आला. त्याने सगळ्या बायकांना एक उतारा वाचायला लावला आणि वहिनींना मुख्य भूमिका दिली. एकांकिका अशी होती, की बंद पडायला आलेल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई बाकावर बसून नवऱ्याची वाट पाहते. अर्धा-पाऊण तास रंगमंचावर बहुतेक ती एकटीच असते. वहिनींनी स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, तिकिटं मोजताना त्या बाईची वाक्यं पाठ केली होती.

स्पर्धेची पद्धत अशी होती, की आधी प्रयोगाचं रेकॉर्डिंग द्यायचं, परीक्षक ते बघणार आणि त्यातून निवडलेल्या एकांकिका मोठ्या नाट्यगृहात, खऱ्या रंगमंचावर आणि खऱ्या दिव्यांत होणार. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत स्पर्धेच्या कार्यालयात नेऊन द्यायचं होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर ते चालवून बघणार, चाललं तर घेणार, नाही चाललं तर परत देणार.

प्रयोगाचं रेकॉर्डिंग तात्यांनीच केलं होतं. पोस्टाच्या हॉलमध्ये मोबाईल स्टँडवर लावून ते शेजारच्या खुर्चीवर पहारा देत बसले होते. ("डोळ्यांत तेल घालून बसलो होतो," असं नंतर त्यांनी ज्याला त्याला सांगितलं.) मोबाईलने त्याचे आपोआप तुकडे पाडले होते. ते तुकडे घरच्या कॉम्प्युटरवर घ्यायचे, एकापुढे एक जोडायचे, पाट्या टाकायच्या आणि एक अख्खी फिल्म बनवायची, एवढंच काम होतं.

तात्यांनी ते मन लावून केलं. कॉम्प्युटरची भाषा त्यांनी मागेच मराठी करून घेतली होती, कारण यंत्राने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं असा त्यांचा आग्रह. कॉम्प्युटरला आवाज तेवढा नव्हता, कारण मुलगी हॉस्टेलला जाताना स्पीकर घेऊन गेली होती. पण तुकडे जोडायला आवाज लागतो कशाला, असं म्हणून तात्या नुसत्या हलणाऱ्या ओठांवरून पुढे सरकत गेले. सगळ्यात जास्त वेळ पाट्यांना लागला. छायाचित्रण, संकलन, तांत्रिक बाजू, विशेष साहाय्य अशा एकेका पाटीवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं. एक पाटी उजवीकडून येत होती, एक डावीकडून, आणि 'विशेष साहाय्य' तर गोल फिरत फिरत यायची.

शेवटी यंत्राने विचारलं, 'पूर्ण प्रत तयार करायची, की मूळ चित्रफिती जागेवर ठेवून संदर्भ-प्रत तयार करायची?'

आता इथे तात्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते जमीन मोजणीच्या कार्यालयात रेकॉर्ड रूम सांभाळतात. त्या खोलीचा एकच नियम आहे आणि तो तात्यांच्या हाडीमासी खिळला आहे. मूळ कागद खोलीबाहेर जाणार नाही. कोणीही मागितला तरी त्याच्या हातात एक चिठ्ठी मिळते: अमुक कपाट, अमुक फळी, अमुक गठ्ठा. एकदा मोठे साहेब स्वतः नकाशा मागायला आले, तर तात्यांनी त्यांनाही चिठ्ठीच दिली होती आणि वर नमस्कार केला होता.

तेव्हा यंत्राचा प्रश्न वाचून तात्यांना भरून आलं. इतकी वर्षं ज्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या ते या यंत्राला न सांगता समजत होतं. त्यांनी अभिमानाने 'संदर्भ-प्रत' दाबलं. प्रत चुटकीसरशी तयार झाली. त्यांनी ती घरी लावून बघितली, वहिनींना दाखवली. वहिनी बोटांच्या फटीतून बघत म्हणाल्या, "मी फार जाड नाही ना दिसत?"

"मुळीच नाही," तात्या म्हणाले. "मी रुंदी थोडी कमी केलीय."

शनिवारी सकाळी दोघं स्कूटरवरून स्पर्धेच्या कार्यालयात गेले. लाँड्रीच्या वर एक लांबट खोली होती, खिडकीशी टेबल आणि टेबलामागे चष्मा साखळीला अडकवलेल्या एक बाई. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीन दोघांकडे वळवला. कॉम्प्युटरने आधी एक चौकट दाखवली: 'या चित्रफितीचे काही भाग अनुपस्थित आहेत. तरीही पुढे जायचे?' बाई रोज इतक्या चौकटी बघत असाव्यात की त्यांनी न वाचताच 'होय' केलं.

फिल्म सुरू झाली. काळ्या पडद्यावर उजवीकडून तात्यांचं नाव आलं. मग अंधार. मग बराच वेळ अंधार. बाईंनी फिल्म पुढे सरकवली, तर पुढेही अंधारच. अगदी शेवटाकडे डावीकडून पुन्हा तात्यांचं नाव आलं, मग तेच नाव आणखी एकदा आलं, आणि सरतेशेवटी ते गोल गोल फिरत मध्यभागी येऊन थांबलं.

बाईंनी चष्मा काढून विचारलं, "प्रायोगिक आहे का?"

"नाही हो, सामाजिक आहे," तात्या म्हणाले. "मध्ये नाटक आहे. घरी दिसत होतं."

वहिनी स्क्रीनकडेच बघत होत्या. "चार वेळा तुमचं नाव आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझं कुठेय?"

"तू तर चित्रातच आहेस," तात्या म्हणाले. "म्हणून वेगळी पाटी केली नाही."

"पण चित्र तर नाहीये."

बाईंनी पेन ड्राइव्ह परत दिला. "पाचपर्यंत खिडकी उघडी आहे," त्या म्हणाल्या. "पाचनंतर मी नसते."

घरी येऊन तात्यांनी पेन ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. फिल्म अशी सुरेख चालली की काही विचारू नका. वहिनी बाकावर बसलेल्या, कारखान्याचं फाटक, सगळं जिथल्या तिथे. तात्यांनी पेन ड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा चालली.

"त्यांचंच यंत्र बिघडलंय," तात्या म्हणाले.

"त्या यंत्रावर बाकीच्यांच्या फिल्म चालल्या की," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. तात्यांना तो आवाज चांगला ओळखीचा होता. वहिनी चिडल्या की आवाज मोठा होतो, त्याची तात्यांना सवय आहे. बारीक झाला की मात्र ते मदतीला कोणीतरी शोधतात. त्यांनी मुकाट्याने फोन उचलला आणि मेहुण्याला बोलावलं.

मेहुणे वॉशिंग मशीनच्या दुकानात विक्रेते आहेत. ज्या वस्तूला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि म्हणाले, "भाऊजी, कोडेक नसणार."

"म्हणजे काय?"

"ते असावं लागतं," मेहुणे म्हणाले, आणि त्यापलीकडे खुलासा केला नाही.

मग त्यांनी इंटरनेटवरून कोडेक नावाचं काहीतरी उतरवून घेतलं. ते उतरताना सोबत हवामान सांगणारी एक खिडकी, पत्त्यांचा एक खेळ आणि घराच्या किल्ल्या सापडत नसतील तर सल्ला देणारं एक माकड, इतकी मंडळी घरात आली. माकड कोपऱ्यात बसून हात हलवू लागलं. मेहुण्यांनी फिल्मच्या नावाच्या शेवटची अक्षरं खोडून तिथे दुसरी अक्षरं घातली. "कधी कधी नाव बदललं की चालते," ते म्हणाले. यंत्राने चौकट दाखवली: 'या त्रुटीचे वर्णन उपलब्ध नाही. अधिक माहितीसाठी वर्णन पाहा.'

"वर्णन पाहू या," तात्या म्हणाले.

मेहुण्यांनी वर्णन दाबलं. तीच चौकट तिच्याच पोटातून पुन्हा बाहेर आली.

त्यांनी तिसरी अक्षरं घातली. यंत्र म्हणालं: 'ही संचिका सध्या व्यस्त आहे.' तात्यांना ही चौकट जरा घरची वाटली. त्यांच्या कार्यालयाच्या दारावरही अशीच पाटी आहे. चौथ्या खेपेला यंत्र गंभीर झालं: 'आपणास ही कृती करण्याचा अधिकार नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.'

मेहुणे आणि तात्या दोघांनीही मान वळवून वहिनींकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" वहिनी म्हणाल्या. "मला फक्त एवढं सांगा, मघापर्यंत मी या फाटकाबाहेर बसलेली दिसत होते. मी गेले कुठे?"

मेहुण्यांनी नाव पूर्वीसारखं केलं, फिल्म आपल्या नव्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली आणि जाहीर केलं की जुना पेन ड्राइव्ह 'थकला' होता. घरच्या यंत्रावर फिल्म चालली. तात्यांनी समाधानाने मान हलवली. वहिनींनी हलवली नाही, पण त्यांनी पुन्हा पदर सारखा केला आणि स्कूटरवर बसल्या. दुपार कलली होती. एका सिग्नलला तात्यांना मागून हलकी कुजबुज ऐकू आली. वहिनी त्या बाकावरच्या बाईची वाक्यं म्हणत होत्या, अगदी हळू, एखादी वस्तू हरवायच्या आत शेवटची चाचपून बघावी तशी. आपण केवढा गोंधळ करून ठेवलाय हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं, आणि सिग्नल सुटल्यावर मागच्या बसने हॉर्न देईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

मेहुणेही मागोमाग रिक्षाने आले. कार्यालयात बाईंनी नवा पेन ड्राइव्ह लावला. तात्यांचं नाव उजवीकडून आलं आणि अंधार झाला.

"पुन्हा तुम्हीच," बाई म्हणाल्या.

तात्या हवालदिल झाले. "बाई, घरी दिसते हो फिल्म. शपथ घेऊन सांगतो. तुम्ही घरी चला, दाखवतो."

"मला घरी येऊन काय करायचंय? इथे दिसली पाहिजे."

"पण का नाही दिसत, ते तरी सांगा."

बाईंनी फिल्म पुन्हा लावली, पण या वेळी सुरुवातीची चौकट मिटवली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि तिच्याखालची बारीक अक्षरं, दिवसभरात शंभर लोकांना तेच सांगून कंटाळलेल्या आवाजात, सरळ वाचून दाखवली. "मूळ प्रत या ठिकाणी नाही. ही केवळ संदर्भ-प्रत आहे. मूळ प्रत जेथे ठेवली असेल तेथे चौकशी करावी."

तात्यांच्या अंगावर काटा आला. हे वाक्य त्यांना पाठ होतं. हा आवाज पाठ होता. शब्दांमधला तो थंडपणा, शेवटच्या 'करावी'वरचा तो किंचित आनंद, सगळं त्यांचं स्वतःचं होतं. फरक एवढाच, की आजवर ते खिडकीच्या आतल्या बाजूला असायचे.

"अरे देवा," तात्या म्हणाले. "मी चिठ्ठी आणलीय."

"कसली चिठ्ठी?" मेहुण्यांनी विचारलं.

"ही फिल्म नाहीच. फिल्म घरच्या कपाटात आहे. आपण दोन वेळा नुसती चिठ्ठी घेऊन आलो. घरी ती चालते, कारण घरी कपाट आहे. इथे ती बिचारी कपाट शोधते, आणि इथे कपाटच नाही." तात्यांनी वहिनींचा हात धरला. भर कार्यालयात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "चल. तू घरी आहेस. मी तुला घरीच ठेवून आलोय."

वहिनींना यातलं अर्धंच कळलं, पण तात्यांचा चेहरा बघून त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला. "मग उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या, आणि तात्यांना इतकं हायसं वाटलं की ते दोन दोन पायऱ्या एकदम उतरले. मेहुण्यांना स्कूटरवर जागा नव्हती. ते लाँड्रीसमोर थांबले आणि तिथल्या वॉशिंग मशीनबद्दल मालकाला चार शब्द ऐकवू लागले.

घरी पोचल्यावर तात्यांनी कोपऱ्यातल्या माकडाला न जुमानता 'पूर्ण प्रत' दाबलं. हाडीमासी खिळलेला नियम मोडताना त्यांचं बोट क्षणभर अडलं. मूळ कागद खोलीबाहेर चालला होता. पण वहिनी मागे उभ्या होत्या, आणि दाबलं एकदाचं.

स्क्रीनवर एक हिरवी पट्टी उमटली आणि सरकायला लागली. म्हणजे सरकते आहे असं यंत्राचं म्हणणं होतं. खाली लिहिलं होतं, 'थोडा वेळ लागेल'. पट्टी अर्ध्यावर आली आणि यंत्राने तो मजकूर बदलून 'आणखी थोडा वेळ लागेल' केला. तात्या टेबलाच्या या बाजूला, वहिनी त्या बाजूला, आणि मध्ये ती पट्टी. दोघांना हलायची भीती वाटत होती, की आपल्या हलण्याने ती थांबेल.

"नाही झालं तरी चालेल हो," वहिनी एकाएकी म्हणाल्या.

"का चालेल?"

"मी केलं ना एकदा. पोस्टातल्या लोकांनी बघितलं. तुम्ही बघितलंत. तुम्हाला आवडलं म्हणालात, तेवढं पुष्कळ आहे मला."

तात्यांनी पट्टीकडे बघत मान डोलावली. (वहिनींनी तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघितलं असतं, तर पुढचा एक घोटाळा तिथेच उघडकीला आला असता.) "नाही," ते म्हणाले, "मला नाही चालणार. तू इतकी वर्षं 'साहेब घरात नाहीत' म्हणत आलीस. आता त्या मोठ्या नाट्यगृहात तुझं स्वतःचं नाटक व्हायलाच पाहिजे. नाही झालं, तर मी या यंत्राला रेकॉर्ड रूममध्ये जमा करतो."

वहिनी हसल्या. पट्टीही बहुधा हसली असावी, कारण ती भराभर सरकून टोकाला पोचली. 'कृती पूर्ण झाली,' यंत्र म्हणालं, आणि माकडाने टाळ्या वाजवल्या.

पाचाला थोडा अवकाश असताना तात्या आणि वहिनी धापा टाकत त्या लांबट खोलीत शिरले. बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि पुन्हा बसल्या. पेन ड्राइव्ह लागला. या खेपेला चौकट आली नाही. तात्यांचं नाव उजवीकडून आलं, गेलं, आणि पडद्यावर उजेड झाला. फाटक दिसलं, बाक दिसला, आणि बाकावर वहिनी दिसल्या. या कॉम्प्युटरला स्पीकर होते. वहिनींचा आवाज खोलीभर घुमला, आणि खिडकीशी असलेल्या बाई, ज्यांनी दिवसभर कोणाच्याही फिल्मकडे लक्ष दिलं नव्हतं, त्या हनुवटी तळहातावर टेकवून बघू लागल्या.

तात्यांची छाती फुलली. आणि तेवढ्यात फिल्ममध्ये वहिनींच्या आवाजामागून आणखी एक आवाज यायला लागला.

घर्रर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा घर्रर्र.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभरात तोंडओळख झालेले सगळे शब्द त्यांनी कामाला लावले. "कोडेक असणार," ते म्हणाले. "किंवा प्रत करताना घर्षण झालं असेल. पट्टी फार जोरात सरकली शेवटी." त्यांनी स्पीकरला चापट मारली. त्यांनी वायर काढून लावली. घरघर थांबेना; उलट आता तिला लय आली होती. मधेच ती एकदम दाटली, चढत चढत टिपेला गेली आणि एका लहानशा शिट्टीवर संपली.

तात्या वहिनींकडे वळून म्हणाले, "घाबरू नकोस. थोडा वेळ मिळाला तर हा बिघाड काढता येईल."

वहिनी मघापासून कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "नाही निघायचा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून प्रयत्न करतेय मी."

खोलीत शांतता पसरली. फिल्ममध्ये मात्र नव्हती. तात्यांनी पुन्हा कान देऊन ऐकलं, आणि हळूहळू त्यांचे कान तांबडे होत गेले. मोबाईल स्टँडवर होता, खुर्ची स्टँडला लागून होती, आणि खुर्चीवर डोळ्यांत तेल घातलेले ते होते.

"सुरुवातीचा भाग बघितला मी," ते पुटपुटले.

"किती?"

"तू बाकावर बसतेस तोपर्यंत."

"नाटक तिथे सुरू होतं," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी एकदा दोघांकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि पेन ड्राइव्ह काढून पाकिटात घातला. "चालली ना? मग घेतली," त्या म्हणाल्या. "आमच्या नियमात घोरण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

पुढचे काही दिवस तात्यांनी घरात पाहुण्यासारखे काढले. वाढलं ते जेवले, विचारलं तेवढंच बोलले. वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं, आणि त्यावर तात्यांकडे इलाज नव्हता. मग एका सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. एकांकिका निवडली गेली होती. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून भिंतीला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. तात्यांनी गॅस बंद केला, कारण दूध उतू चाललं होतं आणि ते बघायला दुसरं कोणी नव्हतं.

"परीक्षकांना तुमचं काम फार आवडलंय," दिग्दर्शक सांगत होता. "आणि अजून एक गोष्ट आवडलीय. फाटकाच्या आतून येणारी ती यंत्राची घरघर. बंद पडत चाललेला कारखाना असा आवाजातून उभा केलेला त्यांनी पूर्वी कधी ऐकला नाही, म्हणाले. अंतिम फेरीत ती तशीच पाहिजे. पण रेकॉर्डिंगमधून ती वेगळी काढता येत नाहीये, तिच्यावर तुमचे संवाद आहेत. तुम्ही आणली कुठून ती?"

वहिनींनी डोळे उघडून तात्यांकडे बघितलं. "घरचीच आहे," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने तात्या रंगभूमीवर आले. पोस्टाच्या हॉलमध्ये तालमी झाल्या, त्यात त्यांना पडद्याआड एक आरामखुर्ची, मानेखाली उशी आणि तोंडासमोर माइक मिळाला. वहिनी बाकावर बसायला आणि तात्यांचा डोळा लागायला एकच गाठ पडायची. दिग्दर्शक थक्क झाला. इतका वक्तशीर कलावंत आपण पाहिला नाही, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि तात्या घरी येऊन दोनदा आरशासमोर उभे राहिले. मेहुण्यांनी तर दुकानात सांगितलं, की आमच्या भाऊजींचा आवाज आता स्पर्धेत आहे.

अंतिम फेरीचा प्रयोग दुपारचा होता, जेवणानंतरचा, म्हणजे तात्यांचा हातखंडा वेळ. मोठ्या नाट्यगृहात पडद्याआड त्यांची आरामखुर्ची मांडली होती. माइक लागला, उशी लागली, तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला आणि खऱ्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात वहिनी चालत आल्या. त्या बाकाशी थांबल्या, हाताने धूळ झटकली आणि बसल्या.

तात्यांनी डोळे मिटायला घेतले, पण मिटता मिटता जरा बघावं म्हणून बघितलं, आणि मग मिटवेनात. ही बाई त्यांना माहीत नव्हती. ती फाटकाकडे अशी बघत होती की तात्यांनाही वाटलं, आता उघडेल, आता उघडेल. ती नवऱ्याला मनातल्या मनात रागावत होती, मग त्याला माफ करत होती, मग त्याच्या डब्यात काय दिलं होतं ते आठवून हसत होती. काळोखात बसलेली शेकडो माणसं हूं की चूं करत नव्हती. दिग्दर्शक दुसऱ्या विंगेतून तात्यांना खुणा करत होता, आधी बोटाने, मग दोन्ही हात गालाखाली धरून, मग नुसते हात जोडून. तात्यांना तो दिसलाच नाही. ते खुर्चीच्या टोकावर सरकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात. (अभिनयाचं पहिलं बक्षीस वहिनींना तासाभरात जाहीर झालं, पण ते पुढचं.) वहिनी विंगेत आल्या. चेहऱ्यावर रंग होता, घाम होता, आणि डोळे लखलखत होते. तात्या उशी पोटाशी धरून उभे राहिले.

"काय काम केलंस गं," ते म्हणाले. "सगळं बघितलं मी. अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. क्षणभरसुद्धा डोळा लागू दिला नाही."

वहिनींनी पदराने त्यांचे डोळे पुसले, त्यांच्या हातातली उशी काढून घेतली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं न सांगता झोपलात. जन्मात एकदा झोपा म्हणून सांगितलं, तर तेवढं एक काम झालं नाही तुमच्याच्याने."